भरती-ओहोटीचे गणित : तिथीच्या हिशेबापासून संगणकापर्यंत

कामठीस समुद्र नाही. कन्हानला पावसाळ्यात पूर येतो, उन्हाळ्यात तिची वाळू उघडी पडते आणि त्या वाळूत आपली कुटुंबे डांगराच्या वाड्या लावतात. परंतु दिवसातून दोन वेळा पाणी चढावे आणि दोन वेळा उतरावे, असा प्रकार आपल्या घाटावर कोणी पाहिलेला नाही. तेव्हा स्मरणिकेच्या या अंकात भरती-ओहोटीवर लेख कशासाठी, अशी शंका आपल्या ज्ञातिबांधवांस येणे साहजिक आहे. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेलच. आरंभी एवढेच सांगतो की, पाण्यावर उपजीविका करणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेले ज्ञान शास्त्राच्या ग्रंथात कसे शिरले आणि त्या ज्ञानाचे मूळ धनी मात्र बाहेर कसे राहिले, याचा हा इतिहास आहे. आपण भोई, ढीमर, कहार, केवट म्हणून ओळखले जाणारे लोक या इतिहासापासून दूर नाही.

आपल्या मेळाव्यांतून समाजाच्या थोरवीचा विषय निघाला की श्रीरामास गंगापार नेणारा निषादराज गुह आणि शंतनूची राणी झालेली धीवरकन्या सत्यवती यांची नावे आदराने घेतली जातात. ती घ्यावीतच. परंतु पुराणातील या पूज्य व्यक्तींबरोबरच ज्याला कागदाचा पुरावा आहे असाही अभिमान आपल्यापाशी असला पाहिजे, आणि तो आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या सागरी मार्गाचे वर्णन लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात भृगुकच्छाच्या, म्हणजे आजच्या भडोचच्या, बंदराचे वर्णन करताना लेखकाने तेथील भरतीचे भय मोठ्या विस्ताराने सांगितले आहे. नर्मदेच्या मुखाशी भरती इतक्या वेगाने आत घुसते की अनोळखी गलबते वाळूवर आदळून उलटतात. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन समुद्रात पुढे जात, परदेशी जहाजांस गाठत आणि उथळ जागा टाळून त्यांस आत आणीत. भरती लागली की जहाज ओढावयाचे आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबावयाचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या ग्रंथात नाही; परंतु भडोचचा सारा परदेशी व्यापार त्यांच्या हिशेबावर चालत होता, ही गोष्ट परकीयानेच लिहून ठेवली आहे.

हा हिशेब ज्यांना ठाऊक नव्हता त्यांचे काय झाले, याचेही एक उदाहरण इतिहासात आहे. इसवी सनापूर्वी ३२५ या वर्षी शिकंदराचे आरमार सिंधूच्या मुखाशी आले. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी फार थोडी जाणवते. त्यामुळे पाणी ओसरून नावा चिखलात रुतल्या आणि थोड्या वेळाने तेच पाणी परत चढून आले तेव्हा ते जगज्जेते सैन्य गोंधळून गेले, असे त्याच्या इतिहासकारांनी लिहिले आहे.

आता हा हिशेब होता तरी कसा? कोकणच्या व मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव तो आजही तोंडपाठ सांगतात. अमावास्येस व पौर्णिमेस पूर्ण भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. त्यापुढे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीस ‘उधाण’ आणि अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीस ‘भांग’ म्हणावयाचे. ज्याच्या घरी घड्याळ नाही आणि ज्यास अक्षरओळख नाही, अशा माणसासही केवळ पंचांगातील तिथी कळली की होडी केव्हा लोटावी आणि जाळे केव्हा लावावे हे उमगत असे.

या रीतीच्या पोटात खरे गणित आहे. चंद्र रोज आकाशात थोडा मागे पडतो. म्हणून त्याचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे ५० मिनिटांनी मोठा असतो आणि भरतीही रोज तितकीच उशिरा येते. चांद्रमासातील ३० तिथींत भरतीची वेळ घड्याळाचा पूर्ण २४ तासांचा फेरा करते. म्हणजे दर तिथीस ४८ मिनिटे, जुन्या भाषेत नेमक्या दोन घटका. पाऊणपटीने ४५ मिनिटे धरली जातात, म्हणून पंधरवड्याच्या शेवटी हिशेब पाऊण तासाने मागे राहतो. आणि नव्या पंधरवड्यास तो पुन्हा मुळापासून सुरू होतो. तोंडी हिशेबास सोपेपणा हवा, आणि त्यासाठी सोसलेली ही एवढीशी चूक होडीस बाधत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. तिथीचा हिशेब भरतीची वेळ सांगतो. पाणी किती हात चढेल हे तो नेमके सांगत नाही. दिवसाच्या दोन भरतींत एक मोठी व एक लहान का, एका वर्षाचे उधाण दुसऱ्या वर्षाहून अधिक का, याचे उत्तर त्यात नाही. शिवाय तो हिशेब ज्या किनाऱ्याचा त्याच किनाऱ्यास लागू पडतो. खंबातच्या आखातात, जेथे पाणी दहा मीटरांहूनही अधिक चढते-उतरते, तेथे मुंबईचा आडाखा चालणार नाही. ही पुढची उत्तरे मिळविण्यास नोंदवह्या, यंत्रे आणि दोनशे वर्षांचे श्रम लागले.

इ. स. १६८७ मध्ये न्यूटनने चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने समुद्र उचलला जातो हे दाखविले. १७७५ च्या सुमारास फ्रान्समधील लाप्लास याने भरती म्हणजे पृथ्वीवर फिरणाऱ्या लाटा होत, असे मानून तिचे गणित मांडले. पण एखाद्या बंदरात उद्या किती वाजता किती पाणी येईल, हे सांगण्याची व्यवहार्य रीत १८६७ पासून विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी घडविली. तिची कल्पना समजण्यास कठीण नाही.

दोन चाके कल्पावी. एक चाक बारा तासांत एक फेरा पुरा करते, ते सूर्याचे. दुसरे बारा तास पंचवीस मिनिटांत फेरा पुरा करते, ते चंद्राचे. दोन्ही चाके पाणी उचलू लागली तर ज्या दिवशी दोघांचे वर येणे एकाच वेळी घडेल त्या दिवशी पाणी फार चढेल, ते उधाण. ज्या दिवशी एक वर येत असता दुसरे खाली जाईल त्या दिवशी पाणी थोडे चढेल, तो भांग. या दोन चाकांची गाठ दर पावणेपंधरा दिवसांनी पडते, आणि हाच आपला पंधरवडा होय. प्रत्यक्षात चंद्र कधी जवळ येतो, कधी दूर जातो, कधी उत्तरेस तर कधी दक्षिणेस सरकतो. म्हणून दोन चाकांनी भागत नाही, अनेक चाके घ्यावी लागतात. प्रत्येक चाकाची गती आकाशावरून ठरते व ती सर्व जगात सारखीच असते. परंतु प्रत्येक बंदरात ते चाक किती मोठे धरावे आणि किती उशिरा फिरवावे, हे मात्र त्या बंदरातील पाण्याच्या उंचीची वर्षभर तासातासाची नोंद घेतल्याखेरीज कळत नाही. नोंदीवरून चाकांची मापे काढणे याला भरतीचे विश्लेषण म्हणतात आणि ती चाके पुढील वर्षांत फिरवून पाहणे हे भाकीत होय.

हिंदुस्थानात हे कार्य भारतीय सर्वेक्षण खात्याने हाती घेतले. १८७३ नंतर कर्नल वॉकर यांच्या देखरेखीखाली कॅप्टन बेअर्ड यांनी कच्छच्या आखातात भरतीमापक यंत्रे बसविली. १८७८ मध्ये मुंबईच्या अपोलो बंदरावर असे यंत्र बसले. विहिरीसारख्या कूपात एक तरंगणारा गोळा, त्यास बांधलेली तार, घड्याळाने फिरणारे नळकांडे आणि त्यावर गुंडाळलेल्या कागदावर अहोरात्र रेघ ओढणारी पेन्सिल, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईची ही नोंद आशिया खंडातील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी एक आहे. या कामाची कचेरी त्या काळी काही वर्षे पुण्यास होती आणि तेथे बसून कारकून मंडळी त्या रेघांवरून तासातासाचे आकडे काढीत व त्यांच्या बेरजा करीत. इंग्रजीत तेव्हा ‘काँप्युटर’ हा शब्द यंत्राचा नव्हता, तर अशा आकडेमोड करणाऱ्या माणसाचा होता. पुण्याच्या कचेरीतील हे गणक म्हणजे आपल्या देशातील भरतीशास्त्राचे पहिले संगणकच होत. त्यांचीही नावे कोणाच्या ओठी नाहीत.

चाकांची कल्पना टॉमसनने १८७२ पासून खरोखरीच्या पितळी चाकांत उतरविली. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्‌स याच्या आराखड्यावरून खास हिंदुस्थान सरकारसाठी असे एक यंत्र लंडनमध्ये तयार झाले. त्यात आरंभी वीस व पुढे चोवीस घटक होते. एकच तार सर्व कप्प्यांवरून नेलेली असे. प्रत्येक कप्पी आपल्या गतीने वरखाली होई आणि तारेच्या टोकाची लेखणी सर्वांची बेरीज कागदावर काढी. मूठ फिरविली की एका बंदराच्या वर्षभराच्या भरत्या काही तासांत उमटत. १८८१ या वर्षापासून हिंदी बंदरांची भरती-कोष्टके छापली जाऊ लागली. हे यंत्र अनेक वर्षे विलायतेतच राहिले. हिंदुस्थानच्या समुद्राचे भाकीत लंडनहून छापून येत असे. १९२१ मध्ये ते डेहराडून येथे आणण्यात आले. डेहराडूनही समुद्रापासून शेकडो कोस दूर. तेथे बसून मुंबईचे उधाण सांगितले जात होते, हे कामठीच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या शास्त्रातील आणखी एका पुरुषाचा उल्लेख आमच्या तरुण वाचकांसाठी करतो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे आर्थर डूडसन नावाचे गणिती होते. विद्यार्थिदशेतच त्यांची श्रवणशक्ती गेली. तरीही १९२१ मध्ये त्यांनी चंद्रसूर्याच्या गतींची फोड करून भरतीचे सुमारे चारशे घटक निश्चित केले आणि १९४४ च्या जून महिन्यात दोस्त सैन्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली ती त्यांनीच काढून दिलेल्या भरतीच्या आकड्यांवर.

१९६० नंतर विद्युत्-संगणक आले आणि पितळी चाकांची जागा आकड्यांनी घेतली. चाके तीच, पण आता ती लोखंडाच्या पेटीत न फिरता आज्ञावलीत, म्हणजे ज्यास आज घरोघरी सॉफ्टवेअर म्हणतात त्यात, फिरू लागली. १९७७ मध्ये कॅनडातील मायकेल फोरमन यांनी फोर्ट्रान या संगणकभाषेत लिहिलेली आज्ञावली जगभर वापरली गेली. तीत १४६ घटकांपर्यंत हिशेब करण्याची सोय होती. २००२ मध्ये पाव्हलोविच, बिअर्डस्ली व लेंट्‌झ या तिघांनी तिचीच नवी आवृत्ती ‘टी-टाइड’ या नावाने सिद्ध केली. काढलेल्या आकड्यांवर विश्वास किती ठेवावा याचेही माप ती देते. २०११ मध्ये डॅनियल कोडिगा यांचे ‘यू-टाइड’ आले. मधून मधून खंड पडलेली नोंदही त्यास चालते. डेव्हिड फ्लेटर यांचे ‘एक्स-टाइड’ कोणासही विनामूल्य मिळते. १९९२ मध्ये सोडलेल्या ‘टोपेक्स-पोसायडन’ उपग्रहाने भर समुद्रातील पाण्याची उंची मोजली, तेव्हापासून जेथे एकही यंत्र नाही तेथल्या भरतीचाही अंदाज करता येऊ लागला. ज्या कामास पुण्याच्या कचेरीत अनेक माणसांचे महिने खर्ची पडत, ते आज साध्या संगणकावर काही क्षणांत होते.

आपल्याकडेही हे शास्त्र रुजले आहे. १९१६ साली स्थापन झालेली खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था बंदरांच्या प्रतिकृतींत कृत्रिम भरती निर्माण करून अभ्यास करीत आली आहे. गोव्यात १९६६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे; तेथील शास्त्रज्ञांनी मांडवी नदीत भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जाते हे मोजून दाखविले. त्याच संस्थेतील अभ्यासकांनी जुन्या नोंदींवरून २००७ मध्ये असेही दाखविले की उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर समुद्राची पातळी वर्षास सुमारे एक ते पावणेदोन मिलिमीटरने चढत आली आहे. मुंबईसारख्या ठिकाणची शंभर वर्षांची नोंद नसती तर हे कळले नसते.

या भाकिताचा उपयोग केवळ जहाजांस नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी समुद्रास सुमारे साडेचार मीटरची भरती होती. आकाशातले पाणी समुद्रात जाईना आणि शहर बुडाले. तेव्हापासून पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या तारखा मुंबईकरांस आधी सांगितल्या जातात. तसेच २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबाद येथील सागरी माहिती केंद्रात २००७ पासून इशारा देणारी यंत्रणा उभी राहिली. तेथेही भरतीचा हिशेब लागतोच; यंत्राने मोजलेल्या पाण्यातून भाकिताची भरती वजा केली की जे उरते, तेच वादळाचे किंवा त्सुनामीचे पाणी. नेहमीचे काय हे ठाऊक असल्यावाचून संकट कोणते हे ओळखता येत नाही.

आता कामठीकडे येऊ. आपल्या रेल्वेस्थानकाच्या पिवळ्या पाटीखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती आपण लहानपणापासून पाहत आलो आहो. नागपूरच्या शून्य मैलाच्या स्तंभाची उंची सुमारे १,०२० फूट सांगितली जाते. ही उंची कोठून मोजली? १९०९ मध्ये मुंबई, कारवार, कराची, मद्रास इत्यादी नऊ बंदरांवरील भरतीच्या दीर्घ नोंदींची सरासरी काढून समुद्राची सपाटी ठरविण्यात आली आणि तेथून मोजपट्ट्या व दुर्बिणी घेऊन, टप्प्याटप्प्याने, ते माप देशाच्या अंतर्भागात आणले गेले. कामठीत घर बांधताना, कालवा खणताना वा पूल उभारताना जी उंची धरली जाते, तिचे शून्य अपोलो बंदरावरील त्या तरंगत्या गोळ्यासारख्या नऊ ठिकाणच्या यंत्रांत आहे. आणि आपल्या घाटावरून वाहणारे पाणी तरी कोठे जाते? कन्हान वैनगंगेस मिळते, वैनगंगा प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते, आणि गोदावरीच्या मुखाशी हेच पाणी रोज दोन वेळा भरतीने अडविले जाते. समुद्र आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

या इतिहासातून आम्ही एक बोध घेतला, तो ज्ञातिबांधवांपुढे नम्रपणे ठेवतो. भडोचच्या कोळ्यांचे ज्ञान खरे होते. परंतु ते त्यांच्या हातांत व डोळ्यांत होते, वहीत नव्हते. ज्यांनी वही धरली, त्यांचे शास्त्र झाले. आपल्या समाजातही कन्हानचा डोह कोठे, पूर चढण्यापूर्वी पाण्याचा रंग कसा पालटतो, मासा कोणत्या नक्षत्रात चढतो, शिंगाड्याच्या तळ्यात किती हात पाणी हवे, हे सांगणारे वृद्ध होते; त्यांतील कित्येक आज नाहीत. पेंचवर धरणे झाल्यापासून नदीचा स्वभावही बदलला, आणि जुने आडाखे पुष्कळदा चुकू लागले. जुन्या नदीची नोंद आपण केली नाही; म्हणून काय बदलले आणि किती बदलले, हे आज आपणांस पुराव्याने सांगता येत नाही. नदीच्या पाण्यावर, मासेमारीच्या ठेक्यावर वा वाळूच्या उपशावर बोलण्याची वेळ येते, तेव्हा आकडा दुसऱ्याच्या हाती असतो आणि आपल्या हाती केवळ आठवण असते.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली अशी की, समाजातील वृद्ध स्त्रीपुरुषांकडून नदीचे, तळ्यांचे व माशांचे जे जे ज्ञान मिळेल ते तरुणांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि पुढील स्मरणिकांतून ते क्रमाने छापावे. दुसरी अशी की, घाटावर आकडे घातलेला एक खांब रोवून रोज सकाळी ठरल्या वेळी पाण्याची उंची एका वहीत लिहावी. सरकारी खाती आपली मोजमापे घेतच असतात. परंतु आपली वही आपल्या घरी असावी. शाळकरी मुलामुलींनी हे काम पाळीपाळीने केले तर दोन वर्षांत शे-सातशे आकडे जमतील, आणि त्यांचा आलेख काढण्याची साधने आज विनामूल्य मिळतात. त्या आलेखात कन्हानची भरती-ओहोटी दिसणार नाही. पाऊस, धरण आणि उपसा मात्र स्वच्छ दिसतील.

ज्या मुलाच्या आजोबांनी डोंगा हाकला, त्याने संगणकापुढे बसून समुद्राचे पाणी सांगावे, यात विसंगत असे काही नाही. पाणी केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल, हे ओळखण्याचे काम आपल्या लोकांनी दोन हजार वर्षे केले आहे. यापुढे ते लिहूनही ठेवावे, एवढीच प्रार्थना.